वाट निवडताना : भिंतीला टेकू कोण देतो?



स्नेहसंमेलनाचे दिवस आले की तुमच्या पत्रांचा नुसता पाऊस पडतो. कुणी लेझीममध्ये आहे, कुणी समूहगीतात. एकाला तर नाटकात चक्क झाडाचं काम मिळालंय. (त्यानं मुळीच निराश होऊ नये. झाडाला संवाद नसतात, पण वीस मिनिटं शिंक आवरून धरावी लागते. ते संवादांपेक्षा अवघड!)

या ढिगात वहीच्या पानावर लिहिलेलं एक पत्र मात्र वेगळं निघालं. पाठवणारी मैत्रीण नववीत शिकते. नाव छापू नका, असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. पत्र असं आहे :

'ताई, आमच्या संमेलनात शिवाजी महाराजांच्या लहानपणावर नाटक आहे. मला जिजाऊंचं काम हवं होतं. दोन पानं पाठसुद्धा केली होती. पण बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तू पडद्यामागे मदत कर. मी घरी येऊन खूप रडले. मग माझ्याकडे किल्ल्याचा बुरूज करायचं काम आलं. खोके, गोणपाट, खळ, गेरू. आता गंमत अशी झालीय, की मला तो बुरूजच आवडायला लागलाय. रात्री झोपतानासुद्धा त्याच्या जंग्या कुठे ठेवायच्या तेच डोक्यात असतं. बाबांना म्हटलं, मला हेच शिकायचंय. ते म्हणाले, ही काय नोकरी असते का? आणि वर्गातल्या मुली म्हणतात, ज्यांना काम मिळत नाही ते पडद्यामागे जातात. ताई, खरं सांगा. पडद्यामागचे म्हणजे नापास झालेले का?'

पत्र वाचलं आणि मला माझी सातवी आठवली.

आमच्या नाटकात राजाचा दरबार होता. दरबाराची भिंत मी आणि माझ्या दोन मित्रमैत्रिणींनी केली होती. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यावर ताणलेलं जुनं धोतर, वर कागद आणि रंग. तीन संध्याकाळी खपून मी तिच्यावर दोन मोर काढले. काय सांगू, पिसारे तर असे जमले होते! नाटक सुरू झालं. प्रधानजी ऐन भरात आले. तेवढ्यात बाजूच्या खिडकीतून वाऱ्याचा एक झोत आला आणि माझे दोन्ही मोर हळूहळू पुढे वाकले. थेट महाराजांच्या डोक्यावर! महाराज धीराचे. त्यांनी एका हातानं भिंत तोलून धरली आणि दुसऱ्या हातानं हुकूम सोडला, 'प्रधानजी, आमच्या राज्यात सर्व काही भक्कम आहे ना?' पुढची पाच मिनिटं सभागृहात फक्त हसू होतं.

मला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी बोलावलं. वाटलं, आता बोलणी बसणार. सर रागावले नाहीत. मला त्या भिंतीच्या मागे घेऊन गेले आणि म्हणाले, 'पुढून रंग दिलास. मागून टेकू कोण देणार?' मग त्यांनी लाकडाच्या तीन पट्ट्या ठोकून एक त्रिकोण केला, भिंतीच्या पाठीला बसवला आणि त्याच्या पायावर वीट ठेवली. झालं! भिंत हलेना.

म्हणून आज तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून देते, ज्यानं आयुष्यातला मोठा काळ असे टेकू देण्यात घालवला. ते नाटकं बसवत, त्यांचं नेपथ्य करत, नाटक शिकवत आणि नाटकाची एक अख्खी शाळा चालवत. त्यांचं नाव इब्राहिम अल्काझी.

पुण्याचा मुलगा

गोष्ट सुरू होते ती आपल्या पुण्यात. १८ ऑक्टोबर १९२५ रोजी अल्काझींचा जन्म इथे झाला. वडील अरबस्तानातून व्यापारासाठी आलेले, आई कुवेतची. म्हणजे घरात अरबी, सेंट व्हिन्सेंट शाळेत इंग्रजी आणि घराबाहेर मराठी ऐकू येणारं पुणं. पुढे ते मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात गेले आणि तिथे नाटकाच्या नादी लागले. सुलतान पदमसी नावाचा एक हुशार तरुण 'थिएटर ग्रुप' नावाची इंग्रजी नाटकांची मंडळी चालवत होता. सगळे त्याला बॉबी म्हणत. अल्काझी त्याच्या मंडळीत सामील झाले. पण १९४६ साली बॉबी अगदी तरुणपणी गेला.

पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. अल्काझींच्या घरचे लोक पाकिस्तानात गेले. ते स्वतः मात्र इथेच राहिले. विचार करा, विशी नुकतीच ओलांडलेला मुलगा, घरचे सगळे निघालेले आणि हा म्हणतो, माझं काम इथे आहे!

नंतर ते लंडनला गेले आणि 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट' या नावाजलेल्या संस्थेत शिकले. तिथे त्यांच्या कामाचं कौतुक झालं, तिथेच राहून काम करायची संधीही आली. त्यांनी ती घेतली नाही आणि ते मुंबईला परतले. चित्रकलेची त्यांना मुळातच ओढ होती. हुसेन, रझा, सूझा, तय्यब मेहता, अकबर पदमसी या त्या वेळच्या तरुण चित्रकारांमध्ये त्यांची ऊठबस असे. बॉबीची बहीण रोशन ही त्यांची पत्नी. नाटकांचे कपडे ती बघत असे. या रोशन अल्काझींनी पुढे प्राचीन भारतीय वेशभूषेवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिलं. म्हणजे बघा, घरात एक जण भिंती उभारतोय आणि दुसरी माणसांना नटवतेय!

गच्चीवरचं नाटकघर

१९५४ साली अल्काझींनी 'थिएटर युनिट' नावाची मंडळी काढली. पण नाटक करायचं कुठे? मोठ्या नाट्यगृहाचं भाडं परवडायला हवं ना! मग त्यांनी आपण राहत होतो त्या इमारतीची गच्चीच नाटकघर करून टाकली. नाव दिलं 'मेघदूत'.

आता गच्चीवर काय काय नसतं, ते जरा मोजा. विंगा नाहीत. वर ओढायचा पडदा नाही. सामान ठेवायला जागा नाही. पण काय असतं? आकाश असतं, कठडा असतो, वारा असतो, आणि प्रेक्षक इतके जवळ असतात की नटानं नुसती पापणी हलवली तरी दिसते. अशा ठिकाणी रंगवलेला राजवाडा आणून ठेवला, तर तो खोटा वाटतो. दोन पायऱ्या, एक खांब, बरोबर ठिकाणी पडलेला प्रकाश, बस्स! एवढ्यात ग्रीक शोकांतिकाही उभी राहते.

नेपथ्याची पहिली ओळख इथेच होते, दोस्तांनो. बऱ्याच जणांना वाटतं, नेपथ्य म्हणजे मागची सजावट. तसं नाही. नट कुठून येणार, कुठे थांबणार, कुणापेक्षा उंच दिसणार, कुणाच्या मध्ये किती अंतर राहणार, हे सगळं नेपथ्य ठरवतं. आई दारात उभी आहे आणि मुलगा तीन पायऱ्या खाली आहे, एवढ्यावरूनच प्रेक्षकाला कळतं, की तो घर सोडून निघालाय. अजून कुणी एक शब्दही बोललेलं नसतं!

मुंबईतल्या त्या वर्षांत अनेकांनी अल्काझींकडून धडे घेतले. मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या दिग्दर्शिका विजया मेहता त्यांतल्याच एक. अल्काझी दिल्लीला गेल्यावर 'थिएटर युनिट' सांभाळलं ते सत्यदेव दुबे यांनी. दुबे यांनी पुढे मराठी-हिंदी रंगभूमीवर केलेलं काम तुमच्या आईबाबांना विचारा. नाटकवेडं घर असेल, तर तासभर तरी सुटका नाही!

हेडमास्तरांच्या हाती झाडू

दिल्लीत १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. इंग्रजी नावाच्या अद्याक्षरांवरून त्याला सगळे 'एनएसडी' म्हणतात. १९६२ साली अल्काझी तिथे संचालक झाले. संचालक म्हणजे, आपल्या भाषेत, हेडमास्तर.

त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची एक हकिकत अजून सांगतात. शाळेतली स्वच्छतागृहं घाण होती. नव्या हेडमास्तरांनी त्यावर भाषण दिलं नाही. झाडू घेतला आणि स्वतः साफ करायला लागले! मुलं बघतच राहिली. बघता बघता त्यांचेही हात कामाला लागले.

तुम्ही म्हणाल, नाटकाचा आणि संडास धुण्याचा काय संबंध? आहे हं! ज्या जागेत आपण काम करतो, ती जागा हाही नाटकाचाच भाग आहे. रंगमंचावर एक खिळा पडून राहिला, तर अनवाणी येणाऱ्या नटीच्या पायात तो जातो. दोरी नीट गुंडाळून ठेवली नाही, तर अंधारात कुणीतरी अडखळतं. झाडू मारणं आणि भिंतीला टेकू देणं ही एकाच घरातली कामं.

एनएसडीत तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुलं यायची. कुणी मणिपूरचं, कुणी कर्नाटकातलं, कुणी हिमाचलचं, कुणी महाराष्ट्रातलं. बहुतेकांना व्हायचं असे नट. अल्काझी त्यांना सांगत, नट व्हायचं तर सगळंच शिका. म्हणजे नेपथ्याचा आराखडा काढा, लाकूड कापा, प्रकाशयोजना समजून घ्या, कपडे आणि रंगभूषा शिका, चित्रं बघा, इमारती बघा, आणि वेळ पाळा! वेळेच्या बाबतीत ते फार कडक होते.

मुंबईची गच्ची मागे राहिली, पण 'मेघदूत' काही सुटलं नाही. दिल्लीत रवींद्र भवनाच्या आवारात एक मोठा वड होता. त्याच्या सावलीत अल्काझींनी उघड्यावरचा रंगमंच घडवला आणि त्यालाही नाव दिलं 'मेघदूत'. ज्याला जे हाताशी मिळतं त्यातून रंगमंच करता येतो, त्याला नाट्यगृह कधी कमी पडत नाही!

भिंतच नको, खरा किल्लाच घेऊ या!

१९६३ साली अल्काझींनी धर्मवीर भारतींचं 'अंधा युग' हे नाटक करायला घेतलं. महाभारत युद्धाच्या अठराव्या दिवसाची संध्याकाळ. कौरवांचं राज्य संपलंय. महाल आहे, पण राखायला काही उरलेलं नाही, आणि दोन पहारेकरी मात्र सवयीनं फेऱ्या घालताहेत. या नाटकाला कसलं नेपथ्य द्याल?

अल्काझींनी नाटक नाट्यगृहात केलंच नाही. ते घेऊन गेले दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत. चौदाव्या शतकातल्या शहराच्या पडक्या भिंती, मोडकळीस आलेल्या कमानी आणि वर काळंभोर आकाश. युद्ध हरलेल्या नगरीसाठी याहून खरी जागा कुठली? हे नाटक पाहायला पंतप्रधान पंडित नेहरूही आले होते.

'मग काय, नेपथ्यकाराचं काम वाचलं!' असं म्हणाल, तर फसाल. उलट ते वाढतं. साध्या रंगमंचावर नट आठ-दहा पावलांत मध्यभागी येतो. पडक्या किल्ल्यात त्याला लांबून चालत यावं लागतं. म्हणजे मधला वेळ भरायचा कसा, ते ठरवा. उघड्यावर आवाज वाऱ्याबरोबर उडून जातो. म्हणजे प्रेक्षक कुठे आणि किती जवळ बसवायचे, ते मोजा. दिव्यांच्या तारा कुठून न्यायच्या? दगड निसटला तर? पाऊस आला तर? प्राचीन वास्तू आहे, तिला खिळा मारायचा नाही! जागा सापडली की कामाला खरी सुरुवात होते.

पुढे १९७४ साली त्यांनी गिरीश कार्नाडांचं 'तुघलक' दिल्लीच्या पुराना किल्ल्यात केलं. मनोहर सिंग यांचा सुलतान त्यात गाजला. हा तोच महंमद तुघलक, ज्यानं राजधानी दिल्लीहून आपल्या दौलताबादला हलवली. तुमच्यापैकी किती तरी जण सहलीला दौलताबाद चढून आले असतील. तिथला तो अंधारा भुयारी मार्ग आठवा. आता त्या अंधारात एक सुलतान एकटाच उभा आहे, अशी कल्पना करा. आला ना अंगावर काटा? खऱ्या जागेची ताकद ती हीच.

फायलींचं नाटक

आता या कामाचा जो भाग कुणी टाळ्या वाजवून पाहत नाही, त्याबद्दल. नाटकाची शाळा चालवायची, म्हणजे नुसत्या तालमी घ्यायच्या नसतात. प्रवेश कुणाला द्यायचा? वेगवेगळ्या भाषांच्या मुलांना एका वर्गात शिकवायचं कसं? कोणत्या वर्षी काय शिकवायचं? लाकूड, कापड, दिवे यांना पैसे किती लागतील, आणि ते मागायचे कुणाकडे? ग्रंथालयात कोणती पुस्तकं हवीत? आणि शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे करायचं काय?

या शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर म्हणून १९६४ साली एनएसडीची स्वतःची व्यावसायिक नाटक मंडळी, म्हणजे 'रेपर्टरी', सुरू झाली. शिकलेल्या नटांना तिथे पगारावर नाटकं करता येऊ लागली. १९७५ साली विद्यालय स्वायत्त संस्था झालं. आधी ते संगीत नाटक अकादमीचा भाग होतं, आता स्वतःच्या पायावर उभं राहिलं. असे बदल एका रात्रीत होत नाहीत. त्यामागे पत्रं असतात, बैठका असतात, हिशेब असतात आणि पुन्हा पत्रं असतात. कंटाळवाणं? हो, पुष्कळदा. पण या कामाविना तालमीच्या खोलीतला दिवाच लागत नाही.

अल्काझींचं सगळ्यांनाच सगळं पटलं, असं मात्र समजू नका. त्यांची शिस्त काहींना जाचक वाटे. त्यांच्या शिक्षणावर पाश्चात्त्य नाटकाची छाप जास्त आहे, आपल्या लोकनाट्याला तिथे जागा कमी आहे, अशी टीकाही झाली. हे ऐकून घेणं हासुद्धा हेडमास्तरांच्या कामाचाच भाग! १९७७ साली, पंधरा वर्षांनी, ते विद्यालयातून बाहेर पडले. त्यांच्या जागी आले ब. व. कारंत, त्याच विद्यालयात शिकलेले. आणि कारंतांनी लोकनाट्य, संगीत आणि गावोगावची रंगभूमी यांच्यासाठी दारं आणखी उघडली. बघा, ज्या गोष्टी गुरूकडून राहून गेल्या, त्या शिष्यानं केल्या!

अल्काझींनी पुढे रोशन यांच्यासोबत दिल्लीत 'आर्ट हेरिटेज' हे चित्रदालन चालवलं, जुन्या छायाचित्रांचा फार मोठा संग्रह केला. २०१० साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. ४ ऑगस्ट २०२० रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे असताना, दिल्लीत त्यांचं निधन झालं.

आणि त्यांनी घडवलेली माणसं? नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, मनोहर सिंग, आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी, दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी, मणिपूरचे रतन थिय्याम. यांतली कितीतरी नावं तुम्हांला ओळखीची असतील. या नावांच्या मागे जी भिंत होती, तिच्या पाठीचा त्रिकोण मात्र क्वचितच कुणाच्या ध्यानात येतो.

मग ही नोकरी असते का?

आता आपल्या मैत्रिणीच्या बाबांचा प्रश्न. तो प्रश्न अगदी रास्त आहे, त्याची चेष्टा नको.

हो, असते. नाटक शिकवणारे विभाग आपल्याकडेही आहेत. पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाची 'अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स' आहे. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्यात पणजीच्या कला अकादमीत नाटकाचं शिक्षण मिळतं. दिल्लीच्या एनएसडीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. पण तिथे पदवीनंतर आणि नाटकाचा थोडा अनुभव घेऊनच जाता येतं. कॉलेजात शिकवायचं, तर नाट्यशास्त्रात एम. ए. करून नेट किंवा सेट ही परीक्षा द्यावी लागते.

खरं तेच सांगायचं, तर कायमच्या जागा थोड्या असतात. बरेच जण सुरुवातीला तासिकेवर शिकवतात, जोडीला व्यावसायिक नाटकांचं, मालिकांचं, प्रदर्शनांचं नेपथ्य करतात. म्हणून बारावीपर्यंत गणिताशी कट्टी करू नका. मोजमाप, भूमिती, कोन यांवाचून बुरूज उभा राहत नाही! वास्तुकला किंवा उपयोजित कला शिकून नेपथ्याकडे वळता येतं, तीही वाट चांगली.

आणि वाट सरळच असते असंही नाही. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर यांचं शिक्षण जीवरसायनशास्त्राचं. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते अनेक वर्षं काम करत होते आणि संध्याकाळी नाटक. १९९६ साली ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत त्यांनी ते सांभाळलं. वामन केंद्रे हे बीड जिल्ह्यातल्या लहानशा गावातले. एनएसडीत शिकले, मुंबई विद्यापीठात नाटकाचा विभाग उभा केला आणि २०१३ साली थेट एनएसडीचे संचालक झाले. अल्काझींच्या त्याच खुर्चीवर, एका खेडेगावातला मुलगा!

बुटाच्या खोक्यात रंगमंच

आता तुमचा गृहपाठ. सगळ्यांनी करायचा बरं का, झाडानंसुद्धा!

बुटाचं एक रिकामं खोकं घ्या. साधारण बारा इंच लांब, सात इंच रुंद. त्याची एक लांब बाजू कापून काढा. ती झाली प्रेक्षकांची बाजू. आता प्रमाण धरा : अर्धा इंच म्हणजे एक फूट. म्हणजे तुमचा रंगमंच झाला चोवीस फूट लांब आणि चौदा फूट खोल. अगदी नाटक होण्याजोगा! जाड कागदाचा एक माणूस कापा. साडेपाच फुटी माणूस, म्हणजे पावणेतीन इंच. त्याला उभा करा. आता त्याच्या मापानं एक दार, एक पायरी आणि एक भिंत करा.

मग खोली अंधारी करून टॉर्च लावा. एकदा वरून, एकदा बाजूनं, एकदा खालून. तोच माणूस एकदा साधू दिसेल, एकदा चोर दिसेल! शेवटी डोळा खोक्याच्या अगदी डाव्या कोपऱ्याशी न्या आणि आत बघा. मग उजव्या कोपऱ्याशी. माणूस भिंतीमागे लपतोय का? लपत असेल, तर कडेच्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांना तो दिसणार नाही. भिंत सरकवा. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याचीही काळजी करणं, हे नेपथ्यकाराचं काम.

आणि बुरूजवाल्या मैत्रिणीला

आता तुझ्याशी दोन शब्द. बाईंनी तुझा आवाज ऐकून जे सांगितलं, त्यानं तुला लागलं. लागणारच. जिजाऊंचं काम हवं होतं आणि मिळालं नाही, याचं वाईट वाटू दे. त्याला लाजू नकोस. पण रात्री झोपताना तुला काय आठवतं, तेही बघ. जिजाऊंचे संवाद नाहीत, बुरुजाच्या जंग्या! नापास झालेल्या मुलीला रात्री जंग्या दिसत नाहीत गं.

आता कामाचं. एक, बुरूज ज्या दारातून आत न्यायचा, त्या दाराचं माप आजच घे. अनेक बुरूज दारातच अडकलेत! दोन, मागून त्रिकोणी टेकू दे आणि त्यावर वीट किंवा वाळूची पिशवी ठेव. तीन, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एकदा बुरूज बघ. चार, जिजाऊ झालेल्या मुलीला तालमीत बुरुजापाशी उभी कर आणि विचार, 'इथे तुला मोकळं वाटतंय का?' पायरी उंच वाटत असेल, तर कमी कर. तुझ्या बुरुजापाशी तिचा आवाज धीट झाला पाहिजे.

आणि बाबांना ही पानं वाचायला दे. एकदम पटणार नाही कदाचित. नाटकाच्या दिवशी मात्र त्यांना आधी मागच्या बाजूला घेऊन जा आणि तो त्रिकोण दाखव. मग प्रेक्षकांत बसव.

बुरूज उभा राहिला, की मला कळव. पडला, तरी कळव. माझे दोन मोर अजून तुझ्या सोबतीला आहेतच!

तुमची,
ताई